शेवटच्या भागातली आई

झॉम्बींची ॲनिमेशन मालिका म्हटली की लोकांना वाटतं, आमचा सगळा वेळ रक्त काढण्यात जातो. रक्त सोपं असतं. ते कुठेही उडालं तरी कुणी तक्रार करत नाही. वेळ खातात ते चेहरे. मालिका एक असली तरी ती काढणारे हात तीस-पस्तीस असतात. एकाच्या हातून आई गोबरी उतरते, दुसऱ्याच्या हातून हडकुळी. मग सगळ्यांचे कागद माझ्या टेबलावर येतात. मी त्यांच्यावर पातळ पिवळा कागद ठेवते, खालून दिवा लावते आणि नमुन्याबरहुकूम चेहरा काढते. बावीस वर्षं मी हेच करते आहे. आमच्या स्टुडिओतली पोरं पाठीमागे मला ‘इस्त्रीवाली’ म्हणतात, ते मला ठाऊक आहे.

या मोसमातली आमची मालिका होती ‘मिठाची वेस’. समुद्राकाठच्या मिठागरांच्या गावात मेलेली माणसं उठून चालू लागतात. त्यांना मीठ सोसत नाही, मिठाला शिवली की ती कायमची पडतात. मिनामो नावाची नऊ वर्षांची पोर तेवढी जिवंत उरते. तिची आई पहिल्याच भागात मेलेल्यांत जमा होते आणि पुढचे दहा भाग फरफटत पोरीच्या मागे चालत राहते. बाराव्या, म्हणजे शेवटच्या भागात पोर पळायची थांबते. रडून रडून तिच्या गालांवर मीठ साठलेलं असतं. आई तिच्याजवळ येते, क्षणभर तिला ओळखते आणि गालावरचं ते मीठ बोटांनी पुसते. मग पडते. पुसण्याचं हे दृश्य सगळं मिळून नऊ सेकंदांचं. आमचा दिग्दर्शक उर्यू म्हणायचा, या नऊ सेकंदांसाठीच बाकीचे अकरा भाग आहेत.

ते नऊ सेकंद त्याने तोमोबे सेन्सेईंना दिले. वय वर्षं त्र्याहत्तर, आता घरी बसून काम करतात, फोन सहसा उचलत नाहीत. पण माणसाचा हात कसा हलतो हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. सेन्सेई म्हणजे गुरुजी, मी त्यांच्याकडेच शिकले. एकविसाव्या वर्षी स्टुडिओतल्या त्यांच्या खोलीत गेले आणि तिसाव्या वर्षी बाहेर पडले. त्या नऊ वर्षांत त्यांनी मला चांगलं म्हटलं ते दोनदा, त्यातलं एकदा चहाबद्दल.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी त्यांचं पाकीट आलं. मुदत आठ दिवसांवर. मी कागद बोटांत धरून फडफडवले. आम्ही चाल अशीच तपासतो, कागद भराभर सोडले की चित्र हलतं. बाई वाकली, थांबली, तिच्या मानेत काहीतरी सैल झालं. माझ्या अंगावर काटा आला. मग मी पहिला कागद दिव्यावर ठेवला आणि चेहरा पाहिला.

ती मिनामोची आई नव्हती. हात्सुए-सान होत्या, सेन्सेईंची बायको.

हात्सुए-सान आमच्या स्टुडिओच्या रंगखोलीत होत्या. पारदर्शक प्लास्टिकच्या पानांवर ब्रशने रंग भरायचे दिवस होते ते. त्या माझ्या शेजारच्या खोलीत बसायच्या, दुपारी भाताच्या गोळ्यांतला एक माझ्या पुढ्यात सरकवायच्या. नोव्हेंबरात त्या गेल्या. पाच आठवडे हॉस्पिटलात होत्या. त्यातले शेवटचे दोन दिवस तेवढे सेन्सेई त्यांच्यापाशी होते. आधीचे सगळे दिवस ते दुसऱ्या एका मालिकेचं काम संपवत होते. त्यांची एकुलती मुलगी चिनात्सु तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नव्हती.

उर्यू माझ्या खांद्यावरून डोकावला. चार दिवसांची दाढी, हातात डब्यातली कॉफी.

“नागुरा-सान, ही बाई कोण? आपल्या मालिकेत तर नाही.”

“सेन्सेईंची शेजारीण असेल.”

“मस्करी नको हो. अकरा भाग लोकांनी त्या आईला पाहिलंय. शेवटी भलतीच कुणी आली तर ते टीव्हीवर चपला फेकतील.”

“मला शिकवतोस? जा, झोप जरा.”

तो गेला. पण त्याचं खरं होतं, आणि तेच मला खुपत होतं. चौतीस कागदांवर मी आजवर पाहिलेली सगळ्यात सुंदर बाई होती आणि ती पुसून टाकणं हे माझं काम होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. झेन्पुकुजी नदीच्या मागची ती दोन खोल्यांची जागा. सेन्सेई कोतात्सुच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, रजईत पाय घालून बसले होते, समोर संत्र्यांच्या सालींचा ढीग.

“दार लाव आधी. थंडी आत घेतेस.”

“पाकीट मिळालं.”

“मिळेल नाही तर काय. तुमच्या त्या दिग्दर्शक पोराने चारदा फोन केला, एकदा तर रडला.”

“सेन्सेई, चेहरा.”

“चुकलाय.”

त्यांनी ते इतक्या सरळपणे म्हटलं की माझं डोकंच फिरलं. “चुकलाय? मी तुमच्याकडे नवी होते तेव्हा एका राजकन्येला माझ्या वर्गमैत्रिणीचा चेहरा दिला होता. तुम्ही सगळ्यांदेखत कागद फाडलात. म्हणालात, पात्राचा चेहरा पात्राचा, तुझ्या मैत्रिणीची हौस पुरवायला लोक बसलेले नाहीत.”

“बरोबरच बोललो होतो.”

“मग आता?”

“आता काय? तू कशाला आहेस? कर दुरुस्त.” त्यांनी एक संत्रं माझ्याकडे लोटलं. “दोन आठवडे बसलो गं. नमुना समोर ठेवून. हनुवटीपर्यंत ती तुमची बाई असते, डोळे काढायला गेलो की हात्सुए होते. हाताला दुसरं काही येईनासंच झालंय.”

मी संत्रं सोलत बसले. भांडायला आले होते आणि भांडण संपलं होतं.

“चिनात्सुला बोलावलंय,” ते म्हणाले. “पहिल्या खेळाला. सांगितलं तिला, त्यात तुझी आई आहे. चार महिन्यांत पहिल्यांदा तिने फोन आपटला नाही. येते म्हणाली.”

“आणि मी चेहरा काढून टाकला तर ती बघणार काय?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग समोरच्या साली गोळा करायला लागले. आपलं चित्र समजावून सांगायला येणारा माणूस चित्र काढायलाच चुकलेला असतो, असं ते आम्हाला शिकवायचे. काम हातातून गेलं की तोंड बंद. स्वतःच्या बायकोसाठीही ते हा नियम मोडणार नव्हते.

“नऊ वर्षं होतीस ना आमच्यात,” एवढंच म्हणाले. “बघ तू.”

गाडीत बसून परत येताना मी ठरवलं की चेहरा बदलायचा, पण हात्सुए-सानांचं काहीतरी त्यात ठेवायचं. असं काहीतरी, की ते उर्यूला दिसणार नाही, प्रेक्षकांना दिसणार नाही, पण त्यांच्या मुलीला दिसेल. म्हाताऱ्याला मुलगी परत मिळावी असं मला मनापासून वाटत होतं. त्या घरात त्या साली पाहिल्यापासून फारच वाटत होतं.

गुरुवारी सकाळी दिवा लावून बसले. पिवळा कागद ठेवला आणि एकेक चेहरा झाकत गेले. खालून हात्सुए-सान दिसत होत्या आणि वर मी दुसरी बाई काढत होते. पाचव्या कागदानंतर मला रडू आलं. कागदावर पाणी पडलं तर तो सुरकुततो, म्हणून खुर्ची मागे घेऊन रडले आणि परत कामाला लागले.

सेन्सेईंनी त्या बाईची डावी पापणी किंचित उतरलेली काढली होती. चौतीसच्या चौतीस कागदांवर. नमुन्यात तसं नव्हतं. मला वाटलं, सापडलं. हीच ती खूण. तरुणपणी हात्सुए-सानांची पापणी अशी असल्याचं मला आठवत नव्हतं, पण अलीकडे मी त्यांना फारशी भेटलेच नव्हते, वयाने उतरली असेल. मेलेल्या बाईची एक पापणी जड असली तर कुणाला काय वाटणार? ती मी जशीच्या तशी ठेवली. अगदी निगुतीने, त्यांच्याच रेषेने.

मग हात. पटकथेच्या चित्रांत स्पष्ट लिहिलं होतं, आई बोटांनी मीठ पुसते. बोटांना मीठ लागतं म्हणूनच ती पडते. सेन्सेईंनी मात्र मनगटाची उलटी बाजू काढली होती. पाची बोटं आत वळवून गालापासून लांब धरलेली, आणि मनगटाने गाल वरून खाली पुसलेला. अकरा कागद. मी ते दोनदा फडफडवून पाहिले. चाल गोड होती, पण गोष्टीला ती बोटं हवी होती. मी मनात म्हटलं, झालं, म्हातारा पटकथा वाचायला विसरला. चेहरा हातून सुटला तसं हेही सुटलं. मला त्यांची फार कीव आली.

आमच्याकडे नियम असा की दुरुस्ती केली तरी खालचा मूळ कागद पाकिटातच ठेवायचा. पुढे तो रेषा साफ करणाऱ्या पोरांच्या हातात जातो. चेहऱ्यांचं मला वाटलं नाही, चेहरे तर सगळ्यांचेच चुकतात. पण ज्या माणसाचे हात सगळ्या टोकियोत नावाजले जातात, त्याने हात चुकवला, हे विशी-बाविशीतल्या पोरांनी पाहावं आणि जेवताना हसावं? मी तसं होऊ देणार नव्हते. अकराही हात मी नव्याने काढले, बोटं, नखं, मिठाचे कण सगळं. आणि त्यांचे अकरा कागद बारीक फाडून कचऱ्यात टाकले. त्या संध्याकाळी मी स्वतःवर खूश होते. गुरूची लाज राखली म्हणून बाहेर जाऊन गरम ओदेन खाल्लं.

पहिला खेळ तेवीस तारखेला सकाळी अकराला होता. भाड्याची छोटी खोली, चाळीस खुर्च्या. सेन्सेई कोट घालून आले होते, त्याचं एक बटण चुकीच्या काजात होतं. चिनात्सु त्यांच्यामागून दोन मिनिटांनी आली. चव्वेचाळीसची असेल, चिबाकडच्या एका पालिकेत खिडकीवर बसते. हातात आमच्यासाठी मिठाईचा खोका. तिने सगळ्यांना वाकून नमस्कार केला. वडिलांनाही तसाच, तेवढाच. मग त्यांच्याकडची एक खुर्ची सोडून बसली आणि मधल्या खुर्चीवर पर्स ठेवली.

अंधार झाला. एकवीस मिनिटं मेलेली माणसं मिठागरांतून चालत होती. मग पोर थांबली. आई वाकली. मी पडद्याकडे न पाहता चिनात्सुकडे पाहत होते. ती पुढे सरकून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर. आईचं बोट गालाला लागलं, आई पडली, समुद्र दिसला, नावं सुरू झाली. मागे कुणीतरी मुसमुसत होतं, बहुतेक उर्यूच. चिनात्सु रडली नाही. ती अजूनही पुढे सरकूनच बसली होती, अजून काही दाखवायचं राहिलंय असं समजून. दिवे लागले तेव्हा तिने वडिलांकडे पाहिलं.

खाली एक कॉफीचं दुकान होतं. सेन्सेई मला म्हणाले, “तूही चल.” एकट्याने मुलीसमोर बसायचा त्यांना धीर नसावा. मी गेले, कारण मला कौतुक ऐकायचं होतं. खोटं कशाला बोलू?

कॉफी आली. मग चिनात्सु म्हणाली, “बाबा, आई कुठे होती?”

सेन्सेईंनी कप फिरवला.

“तुम्ही फोनवर काय म्हणाला होतात? आई तुझं तोंड कसं पुसायची, ते काढलंय म्हणालात. मनगटाने.” तिने आपला उजवा हात थोडा वर केला आणि लगेच टेबलाखाली घेतला. “बोटांना रंग असायचा तिच्या. रंग गेले, संगणक आले, निवृत्त झाली, तरी बोट लावलं नाही तिने कधी कुणाच्या गालाला. मी म्हटलं, एवढं तरी ह्यांनी पाहिलं होतं. तेवढ्यासाठी रजा टाकून आले मी.”

नऊ वर्षं मी शेजारच्या खोलीत होते. भाताचा गोळा माझ्या पुढ्यात सरकवला जायचा तो कशाने, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. चेहरा मला पाठ होता.

“आणि ती पापणी,” चिनात्सु म्हणाली. तिचा आवाज आता पालिकेच्या खिडकीवरचा झाला होता, सपाट. “डोळा तसा शेवटच्या आठवड्यात झाला तिचा. औषधांनी. सत्तर वर्षं तिचा डोळा नीट होता. तुम्हाला नेमकं तेच आठवलं?”

मी तोंड उघडलं. टेबलाखाली सेन्सेईंची चप्पल माझ्या पायावर आली आणि जोराने दाबली.

“हो,” ते म्हणाले. “तेवढंच आठवलं. मनगट काढायला गेलो, जमलं नाही. हात थकलाय माझा. चुकलं पोरी.”

“बरं,” चिनात्सु म्हणाली. तिने आपल्या कॉफीचे पैसे बशीशेजारी ठेवले, उठली, मला वाकून नमस्कार केला आणि गेली. कॉफी तशीच होती.

“तुम्ही सांगितलं का नाही?” मी ओरडलेच. दुकानातले लोक वळून पाहू लागले.

“काय सांगू? गोष्टीला बोटंच हवी होती. तू बरोबर केलंस.”

“मग मला आधी का नाही सांगितलंत? एक शब्द! मनगट राहू दे, एवढं बोलायला काय झालं होतं?”

“तुला दिसेल वाटलं,” ते म्हणाले. रागाने नाही. रागाने म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी पळाले. कोट तिथेच खुर्चीवर राहिला. बावन्नाव्या वर्षी मी रस्त्याने अशी धावले की पोलीसचौकीतला शिपाई उठून उभा राहिला. स्टेशनच्या फाटकापाशी चिनात्सु कार्ड शोधत होती. मी तिची बाहीच धरली.

“चिनात्सु-सान, ते मी केलं. त्यांनी मनगटच काढलं होतं. अकरा कागद होते. मी बदललं, माझ्या हाताने. पापणीही मीच ठेवली. त्यांचा काही दोष नाही.”

ती थांबली. माझ्याकडे नीट पाहिलं. क्षणभर मला वाटलं की तिला पटतंय.

“कुठे आहेत ते कागद?” तिने विचारलं. “दाखवाल?”

“फाडले मी.”

“फाडले.”

“लोकांनी त्यांना हसू नये म्हणून. खरं सांगते.”

ती हसली. त्रासून नाही, थकून. “मी सात वर्षांची असताना शाळेच्या कवायतीला बाबा आले नाहीत, तेव्हा तुमच्या स्टुडिओतून एक दादा आला होता. बाबांची चूक नाही, माझ्यामुळे काम अडलं, म्हणाला. आजी गेली तेव्हा दुसरा आला. आई हॉस्पिटलात होती तर दर शनिवारी एक मुलगी फळं घेऊन यायची. प्रत्येकजण सांगायचा, दोष माझा आहे. तुम्हा लोकांना कामच वाटून दिलेलं असतं का हे?”

“मला त्यांनी पाठवलेलं नाही.”

“तेही म्हणायचे सगळे,” चिनात्सु म्हणाली. माझा हात तिने बाहीवरून हळूच सोडवला. “थंडी आहे, कोट न घालता आलात. परत जा. आणि त्यांना सांगा, पुढच्या वेळी कुणाला पाठवू नका.”

तिने वाकून नमस्कार केला आणि फाटकातून आत गेली. जिन्यावर गर्दी नव्हती, त्यामुळे ती वरपर्यंत दिसत राहिली. मी पुन्हा हाक मारली नाही. मारून तिला काय सांगायचं, ते माझ्यापाशी उरलं नव्हतं.

मी परत आले तेव्हा सेन्सेई माझा कोट मांडीवर घेऊन बसले होते.

“गाठलंस?”

“नाही,” मी म्हटलं. “गाडी निघून गेली होती.”

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि चिनात्सुची गार कॉफी आपल्याकडे ओढून हळूहळू पिऊ लागले.